मोरीसमोरची खुर्ची

मोरूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिहोऱ्याहून येणाऱ्या बसमध्ये पेंगत होतो. "अच्छा" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा पेंगलो. काय ऐकलं ते बसमधून उतरल्यावर कळलं… या वयात बातमीसुद्धा उशिरा पोचते.

मोरूभाऊ शहराबाहेरच्या तेल-डेपोचे सुरक्षा अधिकारी, मी तिथलाच हिशेबनीस. टाक्या, टँकर, कुंपण राखायचं आणि संध्याकाळी 'आज काही झालं नाही' एवढंच कळवायचं, ही त्यांची नोकरी. काही होऊ नये म्हणून माणूस किती दमतो, ते कुणाला दिसत नाही. त्यांचा जीव अडकला होता मागच्या भिंतीखालच्या मोरीत. पावसाचं पाणी जायची ती मोरी थेट टाक्यांमागे निघायची. तिला लोखंडी जाळी बसवा म्हणून ते साहेबांच्या मागे लागले होते. साहेब म्हणत, इथून माणूस शिरतो कुठं? शेवटी मोरूभाऊंनी सुरक्षेच्या सरावाच्या दिवशी ते दाखवूनच द्यायचं ठरवलं. रखवालदारांना सुगावा लागू नये म्हणून लुटुपुटीचा चोर ऑफिसातला हवा होता. मी हौसेनं हात वर केला.

त्या सकाळी बायकोनं नेमके बटाटेवडे केले होते. मोरीत डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. रखवालदारांनी पाय धरून मला बाहेर ओढलं. साहेब खूष. "देखिए, इंतज़ाम तो पक्का है," म्हणाले, आणि जाळीचा विषय तिथंच मिटला. माझ्या पाठीवरचा चिखल झटकत मोरूभाऊ एवढंच बोलले, "काहून रे, चोर असा जेवून येते काय?"

दुसऱ्या दिवसापासून फेरी संपली की ते मोरीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. गुडघे सुजायचे. घरी चला म्हटलं तर म्हणायचे, तू बारीक हो, मग जातो. मी काही बारीक झालो नाही… जाळी बसली ती ते निवृत्त झाल्यावर. तोवर सवय हाडात मुरली होती. कांचघर मोहल्ल्यातल्या घरातही त्यांची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून दाराकडे तोंड केलेली असायची.

परवा वहिनींना भेटायला गेलो. खुर्ची तशीच होती. "भाऊजी, फिरवून द्या. माझ्यानं होत नाही," वहिनी म्हणाल्या. मी हात लावला, मग न फिरवता तिच्यातच बसलो. रात्री डोळा लागत नाही, असं सांगता सांगता वहिनी दिवाणावरच पेंगल्या. जायची वेळ झाली होती, पण मी उठलो नाही. उघड्या दाराकडे बघत राहिलो.

काही झालं नाही.