केसरीनाथने बसवलेला म्हसोबा

राहनाळचा केसरीनाथ जागांची दलाली करतो. गोडाऊन, गाळा, खोली, पडीक जमीन, काहीही विचारा, उत्तर तयार. पाणी येतं का? येतं. रस्ता होणार का? झालाच समजा. शेजारी कसे? देवमाणसं. एकदा स्टँडवर कुणीतरी त्याला कोल्हापूरच्या गाडीची वेळ विचारली. हा गृहस्थ जन्मात कोल्हापूरला गेलेला नाही; पण त्याने वेळ तर सांगितलीच, वर "डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत न्हाय" असा सल्लाही दिला. "ठाऊक न्हाय" हे शब्द बायकोनेसुद्धा त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

म्हसोबाची स्थापना झाली ती याच खोडीमुळे.

चिंतामणीकाका म्हणजे केसरीनाथच्या शाळेतले कारकून. उभा जन्म भाड्याच्या घरात काढला. निवृत्त झाल्यावर त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, माईंना, स्वतःचं चार खोल्यांचं घर हवं होतं. केसरीनाथने पूर्णा गावाजवळची एक जागा दाखवली, आपल्याच मेव्हण्याची, लडकूची. गवतात मधोमध गुडघ्याएवढा एक दगड उभा होता.

"हा कसला रे?" काकांनी विचारलं.

केसरीनाथही तो दगड पहिल्यांदाच बघत होता. पण पार्टीसमोर गप्प बसणारा दलाल म्हणजे न फिरणारा पंखा. त्याच्याखाली कोण बसणार?

"म्हसोबा, काका. जागृत हाय."

काकांनी हात जोडले. पुढच्या खेपेला माईंनी शेंदूर फासला, नारळ फोडला. बघता बघता शेजारच्या गोडाऊनचे हमालही फुलं वाहू लागले. इतकं झाल्यावर केसरीनाथसुद्धा तिथे चपला काढायला लागला.

आणि काल गवत कापलं गेलं. शेजारच्या जागेत तसाच एक दगड दिसला. त्याच्या पलीकडे आणखी एक. सगळे एका उंचीचे, एका रेषेत. देव काही परेडला उभे राहत नाहीत. केसरीनाथला शंका आली. खालून एखादी मोठी लाईन गेली असेल, पाण्याची, गॅसची, कसली तरी. असेल किंवा नसेलही. पण असली, तर त्यावर घर बांधता येत नाही.

आज तर दस्ताची नोंदणी. गाडी केसरीनाथ चालवत होता, शेजारी काका, मागे लडकू. अंजूरफाट्याला कंटेनरांनी असं घेरलं, की आरसे मिटून घ्यावे लागले. दार उघडायला वीतभर जागा नाही.

"माई म्हणते, स्वयंपाकघराची खिडकी म्हसोबाकडे ठेवू," काका खुशीत होते. "भाजी चिरता चिरता दर्शन. चालेल ना?"

केसरीनाथने एसी वाढवला. घाम थांबेना. पळावं म्हटलं तर डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, आणि तोंडात सवयीचं "चालेल की" येऊन बसलेलं. ते त्याने गिळलं.

"काका, तो म्हसोबा न्हाय."

"मग कोण आहे?"

"मला... ठाऊक न्हाय."

मागून लडकू पुढच्या सीटवर आदळलाच. "दाजी, येडं झालाव काय? आज सही हाय!"

"तुला ठाऊक हाय, कसला दगड तो?"

"माझ्या लहानपणी नव्हता, एवढं ठाऊक हाय!" लडकू बोलून गेला आणि मग जीभ चावून बसला.

काका नुसते त्याच्याकडे बघू लागले. ते ओरडले असते तर बरं, असं केसरीनाथला वाटलं. त्याने रवींद्रभाऊंना फोन लावला. हे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. व्यवहार लांबवतात म्हणून दलाल मंडळी यांना टाळतात, केसरीनाथही टाळायचा. एका रेषेतल्या दगडांचं सगळं सांगितलं. भाऊंचा आवाज गाडीच्या स्पीकरवर आला. लपवायची सोय नव्हती.

"दगडावर काही कोरलंय का?" भाऊंनी विचारलं.

"शेंदराखाली असेल."

"शेंदूर कोणी लावला?"

केसरीनाथने एकदा काकांकडे पाहिलं.

"मीच लावायला लावला, भाऊ."

"धन्य आहेस! मोजणी होऊन कळेपर्यंत सही करू नका. सोमवारी येतो. आणि तोवर नारळ फोडू नका रे बाबांनो."

लडकूने पाय आपटले. उतरून जायचं त्याच्या मनात होतं. दार कंटेनरला टेकून परत आलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात माईंचा फोन. काकांनी तो केसरीनाथच्या हातात दिला. "तू सांग."

"माई, आज सही होत न्हाय."

"का रे?"

"तिथं घर बांधता येतं का, मला ठाऊक न्हाय. आधी सांगितलं ते उगाच सांगितलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग तुला ठाऊक होईपर्यंत," माई म्हणाल्या, "ह्यांच्या हातात पेन देऊ नकोस. ते कुणीही म्हटलं की सही करतात. आणि हे बघ केसरीनाथ, मी जपून एकच साडी ठेवलीय वास्तुशांतीची. ती नेसायची की ठेवायची, हे सोमवारी मला तूच येऊन सांगायचंस. ह्यांना पाठवू नकोस."

"येतो, माई."

फोन बंद झाला. पुढचा कंटेनर हातभर सरकला आणि थांबला. केसरीनाथनेही गाडी हातभर पुढे घेतली. वळायला जागा नव्हती, आणि पुढे जाऊन आता करायचं काही नव्हतं.