निरोपाआधी

९ मे १९७६. त्या दिवशी मी शेजारणीच्या पडवीत गहू निवडत बसले होते. आळीतला एकुलता एक टेलिफोन तिच्याकडे होता. कुणासाठी निरोप आला की ती पदर खोचून निघायची, पण त्या घराच्या दारात गेल्यावर आधी विचारायची, "जेवलीस का?" निरोप त्यानंतर. मला या पद्धतीचा राग यायचा.

दुपारी जेऊरहून ट्रंककॉल आला. समोरच्या सुमनचे वडील वारले होते. शेजारीण तिच्या दारात डोकावली आणि तशीच परत आली.

"अहो, सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"लेकराला पाजतीया. ऐकल्यावर पाजायची न्हाय ती, अन् लेकरू गाडीत भुकेनं रडत बसंल."

"गाडी चुकली तर बापाचं तोंडही दिसायचं नाही तिला."

"गाडीला येळ हाय की. तुमी तांगा बघा."

मी चडफडत तांगा आणला. तोवर शेजारणीनं फडक्यात भाकरी बांधल्या होत्या. बाळ पिऊन झोपलं, तेव्हा ती सुमनकडे आत गेली आणि सुमनचा हंबरडा ऐकू आला. गाडी मिळाली. तरी दुसऱ्याची बातमी दाबून ठेवणारी ही कोण, हे माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बजावलं, "माझा निरोप आला तर ताबडतोब सांगायचा. जेवणबिवण विचारायचं नाही."

"तुमाला कवा इचारलंय मी?" ती म्हणाली.

आठवून पाहिलं, तर खरंच एकदाही नाही; माझे निरोप ती दारातूनच सांगून टाकायची. उरलेले गहू घेऊन मी तिच्याच पडवीत बसले.