मोतीलाल अडकला तेव्हा

डॉ. हेमलता मूळच्या भडगावच्या. बोलायला लागल्या की थांबत नसत. घरी नवरा टीव्हीचा आवाज वाढवून बसे. पारोळ्याच्या रुग्णवाहिकेवर मात्र ही खोड कामाची ठरली.

गेल्या उन्हाळ्यात हायवेवर उभ्या ट्रकला केळीचा टेम्पो मागून धडकला. ड्रायव्हर मोतीलालचा पाय चेपलेल्या पत्र्यात अडकला. रुग्णवाहिका पोचली तेव्हा जवळच्या गावातले रतिलालनाना ट्रॅक्टरला दोर बांधून टेम्पोचं तोंड ओढायच्या बेतात होते, आणि अर्धं गाव त्यांच्या बाजूने होतं. असं ओढलं तर माणूस बाहेर येईल, पण पाय आतच राहील, असं हेमलताबाईंनी बजावलं. डाव्या दारातून त्या कशाबशा आत शिरल्या. मोतीलालची मान हलू नये म्हणून गळ्यात पट्टा घातला, हाताला सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसल्या. सलाईनची बाटली त्यांनी रतिलालनानांच्याच हातात दिली. हात खाली आला तर रक्त नळीत चढेल म्हटल्यावर नाना खांबासारखे उभे राहिले. दोराचा विषय तिथंच संपला.

मोतीलालने हळूच विचारलं, "बाई, मना पाय शे का?"

"शे, जागावरच शे. मान हालाडू नको, तोंडघाई बोल."

पण तोंडाने बोलण्याऐवजी त्याला मान डोलावून हो म्हणायची सवय. मग हो-नाहीत उत्तर येणारच नाही असे प्रश्न बाई शोधू लागल्या. तो झोपेला आला की आवाज चढवायच्या. गावं विचारून झाली, मुलं झाली, शेवटी घरच्या जेवणावर आल्या. आणि मोतीलाल बोलून गेला, की बायकोच्या, बेबाबाईच्या हातचं भरीत लग्नापासून त्याच्या घशाखाली उतरत नाही.

अग्निशमनवाल्यांनी कटरने पत्रा कापला. पाय दोन ठिकाणी मोडला होता, पण वाचला. धुळ्याच्या दवाखान्यात पायात सळई बसली.

बाटली धरून नानांनी सगळं ऐकलं होतं. चार दिवसांत ते बेबाबाईपर्यंत पोचलं. हेमलताबाई विचारपूस करायला वॉर्डात गेल्या, तेव्हा ती खाटेशी उभी होती. तिने नवऱ्याकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं, "डॉक्टरबाई, हाऊ काय बोलना व्हता?"

मोतीलालने डोळे मिटून घेतले. त्या इंजेक्शनने माणूस काहीही बरळतो, असं बाईंनी तिला बराच वेळ समजावलं.

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी डब्यात भरिताऐवजी खिचडी आली.