पूजेच्या दिवशी चालू असलेली यंत्रं

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही. मी ती विसरावी असं खात्यातल्या काही लोकांना मात्र फार वाटे. त्यांच्यासाठीच लिहून ठेवतो. नाव कुणाचंच घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

मी तंजावूरचा. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि रागावलो की इंग्रजी. निवृत्तीच्या थोडं आधी मी शहराबाहेरच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. चहूकडे भात, कालवे आणि नारळ. गुन्हे म्हणजे पंपाची मोटर पळवणं, पाण्यावरून डोकी फुटणं आणि उत्सवात पहिला मान कुणाचा यावरून दोन पिढ्यांचं वैर. मी आणि माझं पोट, दोघंही तिथे सुखात होतो.

प्रकरण उपटलं आयुधपूजेच्या दिवशी. आमच्याकडे हीच सरस्वतीपूजा. त्या दिवशी ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्याराला गंध-कुंकू लावायचं, हार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पोलीस ठाणंही याला अपवाद नाही. जीपला केळीचे खुंट बांधलेले, काठ्या हारीने उभ्या, बंदुकांच्या नळ्यांना गंध, हातकड्यांनासुद्धा झेंडू. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा हवालदार, भाविक माणूस. त्याने ठाण्याचा संगणक बंद करून कीबोर्डच्या एकेका कळीवर गंधाचा टिळा लावला होता. ओला. भरपूर.

चुरमुरे-गूळ वाटून होतो न होतो तोच कालव्याकाठच्या एका खाजगी शाळेचे करस्पाँडंट गाडीतून उतरले. आमच्या भागात संस्थेच्या सर्वेसर्वा माणसाला करस्पाँडंट म्हणतात. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, कपाळ लाल, आणि त्याहून लाल तोंड. मागे शाळेच्या मुख्याध्यापिका, मान खाली घालून.

"इन्स्पेक्टर, दरोडा! शाळेचे अस्सल परदेशी संगणक गेले. सगळे!"

"कधी गेले?"

"आज कळलं."

"गेले कधी, ते विचारतोय."

हकीगत अशी निघाली. परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दहाएक संगणक भेट दिले होते. आल्या दिवशी त्यांचा फोटो काढला, त्यांच्यावर गुलाबी कापड शिवून घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. मुलांचे हात लागून बिघडतील ना! दरवर्षी आयुधपूजेला खोली उघडायची, कापडावरूनच गंध-कुंकू लावायचं, आरती करायची, पुन्हा कुलूप. या वर्षी बड्या पाहुण्यासोबत नवा फोटो हवा होता, म्हणून करस्पाँडंटांनी स्वतःच्या हाताने पहिलं कापड ओढलं. आत खोका. खोक्यात जुनी वर्तमानपत्रं. दुसऱ्या कापडाखाली तेच. तिसऱ्याखालीही.

"म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही आरती कशाची केलीत?" रायटरने अगदी निरागसपणे विचारलं. मी त्याला डोळ्याने दटावलं आणि मिशीआड हसलो.

तक्रार नोंदवून घेणं भागच होतं. पण संगणक पूजेत. रायटर हात जोडून म्हणाला, "सार, आज उठवायचा? वर्षभर भोगावं लागेल." शेवटी तक्रार हातानेच लिहून घेतली. कुलूप फोडून चोरी, असं करस्पाँडंट सांगत होते. मुख्याध्यापिका काहीच सांगत नव्हत्या.

ते गेले आणि ठाण्याचा फोन वाजला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा, रागाने थरथरणारा आवाज.

"ठाण्यात कुणी धर्म मानणारा आहे की नाही? आज सरस्वतीपूजा, आणि कालव्यापलीकडच्या वस्तीत, जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये मशीन चालू आहेत! गंध नाही, फूल नाही. पोरी खुशाल टकटक करतायत!"

"कसली मशीन, अय्या?"

"कॉम्प्युटर हो! एक दोन नव्हे, सगळी रांग. रोज चालवतात ते चालवतात, आजच्या दिवशी तरी?"

नोकरीत मला अनेक खबरी मिळाले. कुणी पैशासाठी सांगे, कुणी सुडासाठी. पूजा न केल्याबद्दल चोरीचा माल दाखवून देणारा हा एकच. त्या बिचाऱ्याला चोरीची गंधवार्ताही नव्हती. रोज चालतात हे त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती!

एका महिला हवालदाराला सोबत घेऊन निघालो. जीप पूजेत, म्हणून तिच्या मोपेडवर मागे बसून. हे दृश्य वस्तीने मन लावून पाहिलं. कालव्यावर ताडाचा एक ओंडका टाकलेला, तोच पूल. हवालदार चालत गेली. मी कसा गेलो ते सांगत नाही.

शेडमध्ये संगणकांची रांग होती आणि एकेका संगणकापुढे तीन-तीन मुली. कुणी हललं नाही. एक तरुण टीचर पुढे आली. याच शाळेतली, कंत्राटावर नेमलेली संगणकशिक्षिका.

"हे संगणक कुठले?" मी विचारलं.

"शाळेचे."

"इथे कसे?"

"मी आणले."

"चोरून?"

"नाही सार. ह्या मुली कुठल्या शाळेच्या, विचारा त्यांना. शाळेचे संगणक शाळेच्या मुलींकडे आहेत. चोरी कुठे झाली?"

"मग कापडाखाली खोके कशाला ठेवलेत?"

"पूजेला आकार लागतो, सार. आकार ठेवला."

मी हसलो नाही. वर्दीत हसायचं नसतं. पण पट्टा हलला असावा, कारण मागे मुली खुदखुदल्या.

"आजच्या दिवशी तरी बंद ठेवायचे. त्यामुळेच सापडलात."

"आज शाळेला सुट्टी आहे. मुलींना उजेड असेपर्यंतचा अख्खा दिवस मिळाला. तो मी पूजेत घालवू?"

"कुलूप कुणी उघडलं?"

"मीच."

"किल्ली?"

आता ती गप्प झाली. मग म्हणाली, "सगळं मी केलं. माझं नाव घाला, अटक करा. पण हे इथून हलवू नका."

अटक म्हणजे काय हे तिला नीट माहीत होतं. गुन्हा दाखल झालेल्या बाईला पुन्हा कुठलीही शाळा वर्गात पाऊल ठेवू देणार नव्हती. शिकवणं हेच तिचं जगणं होतं, आणि ते माझ्या पेनाच्या टोकावर आलं होतं. ती मात्र माझ्याकडे असं पाहत होती, की जणू चौकशी माझीच चालू आहे.

पोलिसाला दोन प्रकारचे कबुलीजबाब ऐकायला मिळतात. एक स्वतःला वाचवण्यासाठी, दुसरा दुसऱ्याला वाचवण्यासाठी. पहिल्यात माणूस फार बोलतो. दुसऱ्यात नेमक्या एका प्रश्नावर थांबतो. ही किल्लीवर थांबली होती. वाटेत मी शाळेचं कुलूपही पाहून घेतलं. फोडलेलं तर नव्हतंच, त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

कायद्याने साक्षीदार बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी केली. आमच्या भागात फिल्टर कॉफीपुढे गुन्हेगारही विश्रांती घेतो. पेला रिकामा होईस्तोवर मी काही विचारलं नाही. तपासातलं माझं सगळं कौशल्य एवढंच: आपण गप्प बसायचं. घरी बायकोपुढे कामाला येतं, तसंच कामावरही.

शेवटी त्याच म्हणाल्या, "मी बोलले तर उद्या मला काढतील."

"शक्य आहे."

"नाही बोलले तर तिला धराल."

"धरावंच लागेल, अम्मा."

त्यांनी पदराला बांधलेली किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

"मीच दिली तिला. आमच्याकडे संगणकाची परीक्षा कशी व्हायची माहितीय? माउसचं चित्र काढा, भागांना नावं द्या. वस्तीतल्या एका मुलीने इतकं सुंदर चित्र काढलं, की मी तिला पैकीच्या पैकी दिले. ती म्हणाली, टीचर, खरा कधी दाखवणार? साथीत शाळा बंद पडून फोनवर वर्ग सुरू झाले, तेव्हा त्या वस्तीत घराला एक फोन, तोही बापाच्या खिशात. मुली वर्गातून गळाल्याच. आणि इथे दोन पावलांवर दहा संगणक कापड पांघरून झोपलेले. करस्पाँडंटना विचारलं. म्हणाले, त्या पोरींना कशाला? भात लावायला माउस लागतो का?" त्यांचा आवाज चढला. "मी मुख्याध्यापिका आहे. माझ्या शाळेचा वर्ग कुठे भरवायचा ते मी ठरवते. मी तो गिरणीत भरवला. लिहा!"

मी लिहिलं. म्हणजे ठाण्यात परतल्यावर रायटरने टाइप करायला घेतलं आणि तेव्हा कळलं, की वाळलेल्या गंधाने आमच्या कीबोर्डच्या निम्म्या कळा चिकटल्या आहेत. टाचणीने गंध उकरत रायटर बसला होता. त्याच्याकडे बघताना मला ती गिरणीतली रांग आठवत होती. तिथल्या कळांवरची अक्षरं झिजून गेली होती.

ताबा ज्याचा त्याने स्वखुशीने दिलं, तर ती चोरी होत नाही. हे कलम मला जेवढं साधं वाटलं तेवढं वरच्या साहेबांना वाटलं नाही. करस्पाँडंटांची ओळख वरपर्यंत होती. डीएसपी साहेबांचा फोन आला.

"कशाला वाढवता? पोरीला आत घ्या, संगणक उचला, शाळेत नेऊन ठेवा."

"सार, आत घ्यायला गुन्हा नाही. आणि माल जप्त दाखवलाय. अंतिम अहवाल मंजूर होईपर्यंत शाळेला कसा देऊ?"

"मग कोर्टात जमा करा."

"नेणं अवघड आहे, सार. ताडाच्या ओंडक्यावरून न्यायचा."

"त्यांनी आणला तो कसा?"

"त्यांनी जपून आणला, सार. आपल्याकडे हवालदार आहेत."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

माल नेणं गैरसोयीचं असेल तर बंधपत्र घेऊन योग्य व्यक्तीच्या ताब्यात ठेवता येतो, अशी कायद्यात सोय आहे. मी योग्य व्यक्ती शोधली. लांब जावं लागलं नाही. बंधपत्रावर टीचरची सही घेतली आणि एक अट घातली: माल चालू स्थितीत राहावा, म्हणून तो रोज सुरू करून पाहावा. तिने अट वाचली, माझ्याकडे पाहिलं.

"रोज, सार?"

"रोज. सुट्टीच्या दिवशीही. कसूर झाली तर कारवाई होईल."

गैरसमजुतीतून तक्रार, असा शेरा मारून मी अहवाल पाठवला. करस्पाँडंटांनी हरकत घेतली. कागद वर गेला, शंका घेऊन खाली आला, खुलासा घेऊन पुन्हा वर गेला. आमच्या खात्याच्या संथपणाला लोक शिव्या देतात. मी त्या वेळी त्याला मनोभावे नमस्कार केला. कागद फिरत होता तोवर मुली शिकत होत्या, आणि कागदाला अजिबात घाई नव्हती.

मुख्याध्यापिकांना काढलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं: यांनी मुलांना शिकवलं. टीचरवर गुन्हा लागला नाही. ती अजून शिकवते. मला मात्र शहरात वाहतूक शाखेत धाडलं, मोठ्या देवळाजवळच्या चौकात. शिक्षा म्हणून. बायको खूश झाली, की जेवायला वेळेवर घरी येतात.

बदली होण्याआधी जप्त मालाची तपासणी म्हणून मी अधूनमधून गिरणीत जाई. ओंडका सवयीचा झाला होता. एकदा त्याच माउसचं चित्र काढणाऱ्या मुलीने मला आजोबा करून टाकत विचारलं, "तात्ता, तुम्हाला काय शिकायचंय?"

मी म्हटलं, "माझ्या भाषेत लिहायचंय. मराठी."

"ती तुमची भाषा? तुम्ही आमचे नाही?"

"अगं, माझे पूर्वज राजाबरोबर आले ते कावेरीचं पाणी पिऊन इथलेच झाले. घरी मराठी बोलतो. बाजारात वांगी तुझ्याच भाषेत घासाघीस करून घेतो."

तिने पडद्यावर कुठूनतरी देवनागरी कीबोर्ड काढून दिला. ही अक्षरं मला माझ्या आत्याने शिकवली होती. आमच्या गल्लीत ती वाचणारे आता थोडेच उरलेत. मी एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. अख्खा वर्ग माझ्या मागे उभा राहून हसत होता आणि चुका दाखवत होता. आरोपीसुद्धा.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नातेवाईक विचारतात. पोलिसाने चोरी कुठे झाली ते नीट पाहावं, एवढंच. ती झाली होतीच. ज्या दिवशी नवे संगणक कापडाखाली गेले त्याच दिवशी ती झाली, आरतीसकट, फोटोसकट. फक्त तक्रार द्यायला कुणी आलं नव्हतं. त्या दोघी बायकांनी चोरीचा माल मूळ मालकांना परत केला. खात्यात आजही कुणी म्हणतात, की मी त्या वेळी कायदा वाकवला. मी वाकवला नाही. वाचला. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाचीन, हवं तर त्याच ओंडक्यावर उभा राहून.

हे लिहितोय तेव्हा आज घरी आयुधपूजा आहे. मिक्सर, शिवणयंत्र, माझी स्कूटर, सगळ्यांना गंध लागलंय. बायको कुंकवाची वाटी घेऊन माझ्या लॅपटॉपपाशी येऊन उभी आहे.

"अहो, अस्कं बंद आहे आज. तुमचंच कां चालू?" आमच्या तंजावुरी मराठीत अस्कं म्हणजे सगळं.

"तू लाव कुंकू. मी बंद करत नाही."

"हात बाजूला घ्या तरी."

"पडद्याच्या मागे लाव. कळांना नको."

तिने कपाळाला हात लावला, मग वाकून पाठीमागे टिळा लावला, फूल ठेवलं आणि निघून गेली. मी टाइप करतोय. एकाच बोटाने, पण करतोय.