बसलेला केक

दिल्लीत राहून मला एक वाईट खोड लागली होती. मेट्रोत बसून समोरच्या माणसांबद्दल मराठीत खुशाल मोठ्याने बोलायचं. कळतंय कुणाला?

त्या दिवशी नोएडाला जाताना समोर साठीच्या एक बाई होत्या. मांडीवर घरच्या केकचा पारदर्शक डबा आणि हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कादंबरी. वाचता वाचता त्या खुदकन हसायच्या, चष्मा वर करून डोळे पुसायच्या आणि पुन्हा वाचू लागायच्या.

मी नवऱ्याला म्हटलं, “एकटीच हसतेय बघ, येडी. आणि तो केक! भाकरीसारखा चपटा. कोण खाणार यार?” तोही फिस्सकन हसला.

उतरायच्या आधी त्यांनी डबा उघडला, दोन तुकडे कागदी रुमालात गुंडाळले आणि माझ्या हातात ठेवले.

“आज बसलाच तो,” त्या मराठीत म्हणाल्या. “पण चवीला बरा आहे. इथे नका हं खाऊ, घरी जाऊन खा.”

केक सुरेख होता. दुसरा घास घेताना आठवलं, मी बोलल्यानंतर त्या एकदाही हसल्या नव्हत्या. पुढची सहा स्टेशनं त्यांनी पानही उलटलं नव्हतं.