तिन्ही पाळ्यांत जागी असलेली वेळ

डॉक्टरांपुढे मान डोलवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, "सकाळी आठ, रात्री आठ, जेवणाआधी इन्सुलिन." मी "हो मॅडम" म्हणालो आणि घड्याळ बघून सुई टोचू लागलो. एमआयडीसीत प्रेस मशीनवर माझी पाळी दर आठवड्याला बदलते, हे सांगितलंच नाही. कारखान्याचं रडगाणं दवाखान्यात कशाला?

रात्रपाळीहून आलो की आठला सुई घ्यायचो आणि दोन बिस्किटं खाऊन झोपायचो. एका दुपारी घामाने भिजून उठलो, तर बायको ओळखू येईना. तिने साखरेचं पाणी पाजलं, शुद्धीवर आणलं आणि दवाखान्यात नेऊन सगळं सांगून टाकलं.

"काका, मशीनवर असं झालं तर हात जाईल," बाई म्हणाल्या. "रात्रपाळी सोडा, नाहीतर मशीन."

आमच्याकडे रात्रपाळीला नाही म्हणणाऱ्याला मशीन मिळत नाही. सव्वीस वर्षं त्या प्रेसवर काढून आता गेटवर पास तपासत बसू? माझं डोकंच फिरलं. "मॅडम, माझी झोप कधी, जेवण कधी, हे तुम्ही कधी विचारलंत?" बायकोने माझी बाही ओढली.

बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला. "चुकलंच माझं. आता सांगा." त्या कागदावर माझ्या पाळ्या आखू लागल्या आणि दुसऱ्याच ओळीत घोटाळल्या. मी त्यांच्या हातातलं पेनच घेतलं. तीन पाळ्या, तीन रकाने. बाई म्हणाल्या, दिवसातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन मिळतं, पण रोज एकच वेळ पाळावी लागेल. मी रकान्यांवरून बोट फिरवलं. पहिली पाळी असो, दुसरी असो, रात्रीची असो, रात्री नऊला मी जागा असतो आणि समोर जेवण असतं, घरी नाहीतर कॅन्टीनमध्ये.

"रात्री नऊ!" मी ओरडलोच.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण दोन महिने मशीन बंद, आणि बोट टोचून साखर रोज लिहायची." मी हो म्हणालो, पण या वेळी पूर्ण विचार करून.

दोन महिने तिन्ही पाळ्यांत गेटवर बसलो. साखर एकदाही घसरली नाही. माझी वही पानन् पान तपासून बाईंनी लिहून दिलं: मशीनवर काम करण्यास योग्य. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, तिथेच मी ते मोठ्याने वाचलं.

"अहो, हळू," बायको म्हणाली.

मी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने.