अर्ध्या दिवसाच्या अक्का

देवपुरातल्या ज्या साडीच्या दुकानात मी कामाला होते, तिथे अक्का दुपारनंतर येत. कामाला अर्धाच दिवस, पण हात भरभर चालायचा. घडी घालताना त्या साडीशीच बोलत, "बस वं माय आता." वेळ संपली की पिशवी उचलून निघत, समोर गिऱ्हाईक असलं तर तेवढं उरकून.

एकदा शेठ म्हणाले, "सोमवारी आठवड्याची सुटी, दुकान बंद. पार्ट टाइमवाल्या बायकांनी मात्र साफसफाईला यायचं. तुम्हाला रोज अर्धी सुटी असतेच."

अक्कांनी हातातली साडी खाली ठेवली. "शेठ, मी काम अर्धा दिवस करस, पण माणूस पुरी शे. हप्तानी सुटी मनी बी शे. कायदामा बी तेच शे."

दुसरी पार्ट टाइमवाली अक्कांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मग तिसरी. मी पूर्णवेळ कामाची, तरी मीही गेले. शेवटी शेठ म्हणाले, "बरं. सोमवारी कोणीच येऊ नका."

त्या सोमवारी दुपारी मी आनंदाच्या भरात अक्कांच्या घरी गेले. त्या पंख्याखाली गाढ झोपल्या होत्या. त्यांना न उठवताच मी परत फिरले आणि रस्ताभर एकटीच हसत राहिले.